डोंगा न घेता पलीकडे

बेबीबाईला एक गोष्ट अजिबात खपत नाही. गिऱ्हाइकानं भाव करावा, माशाचे कल्ले उघडून बघावेत, मासळी ताजी नाही म्हणून नाक मुरडावं, तिची काही हरकत नसते. पण "पाहतो, येतो" म्हणून कोणी अर्धवट बोलून पुढे सरकलं, की ती मागून हाक घालते, "काय पायता तेवढं सांगून तं जा."

साकोलीच्या बाजारात तिच्या शेजारी टोपलं घेऊन बसणारी मनकर्णाबाई म्हणते, "हिले मच्छी नाई खपवाची. हिले माणसाच्या पोटातलं काढाचं रायते."

यात खोटं काही नाही. तिच्या सानगडी गावात कोणाच्या पोरीला बघायला पाहुणे आले, कोणाचा बैल हरवला, कोणी भावाशी बोलणं टाकलं, या सगळ्या गोष्टी बेबीबाईच्या कानावर येतात तशा गावातल्या चारचौघींच्याही येतात. फरक एवढाच की बाकीच्या ऐकून चुलीकडे वळतात आणि बेबीबाई विचारते, "मंग पुढं?" बैल सापडला का, सापडला तर कोणाच्या गोठ्यात, आणि ज्याच्या गोठ्यात सापडला त्याच्या बायकोचं तोंड तेव्हा कसं झालं होतं, हे कळल्याशिवाय तिला त्या बैलातून सुटका नसते. तिचा नवरा बुधराम तलावावर जाळं टाकणारा, मितभाषी माणूस. लग्नाच्या पहिल्या वर्षीच त्याला कळून चुकलं की हिला गोष्ट सांगायची तर शेवटापर्यंत सांगायची, नाहीतर सुरूच करायची नाही. त्यानं दुसरा मार्ग धरला.

अशा बाईच्या घरात पोरांनी एक कॉम्प्युटरचा खेळ आणला.

आणला म्हणजे नुसता बघायला आणला. घरात कॉम्प्युटर नव्हता. थोरला धनराज साकोलीत फ्लेक्स छापणाऱ्याकडे संध्याकाळच्या पाळीत कामाला, धाकटी खुशी तिथल्याच सकाळच्या कॉलेजात. दोघं फोनवर इंदूरच्या एका पोराचे व्हिडिओ बघत. तो पोरगा खेळता खेळता हिंदीत बडबड करायचा आणि ही दोघं इकडे भाकर खाता खाता त्याच्याशी आणि एकमेकांशी भांडायची. ढिशुम ढिशुमचा खेळ असता तर बेबीबाईनं ढुंकून पाहिलं नसतं. पण यात एक पोरगी होती, पाठीला तलवार बांधलेली, हरवलेल्या भावाला शोधत गावोगाव फिरणारी. ती लोकांच्या दारात जायची, लोक बोलायचे, आणि तिनं काय उत्तर द्यायचं ते खेळणारा ठरवायचा. उत्तर बदललं की पुढची गोष्ट बदलायची.

"म्हणजे आपण म्हणू तशी ते वागते?" बेबीबाईनं विचारलं होतं.

"हाव. याले रोल-प्लेइंग म्हणतेत, माय," खुशी म्हणाली.

"मंग सीरियलवाले काहून नाई करत असं? ते तं कोणाचंच नाई आयकत."

तेव्हापासून दुपारचं जेवण झालं की बेबीबाई हात पुसून पोरांच्या मागं येऊन बसायची. खेळाचं इंग्रजी नाव तिच्या जिभेवर बसलं नाही. तिनं त्याला "नावाड्याचा खेळ" म्हणायला सुरुवात केली, आणि सगळी गडबड त्या नावाड्यापासूनच झाली.

ती पोरगी फिरत फिरत एका मोठ्या पाण्यापाशी येते. पलीकडे एक वैदू राहतो, त्याला तिच्या भावाचा पत्ता माहीत आहे. काठावर एक म्हातारा नावाडी उभा आहे. ती म्हणते मला पलीकडे सोड. तो म्हणतो, "आज नाही, उद्या ये." आता खेळणाऱ्यापुढे तीन वाटा. त्याला पैसे देऊन नाव विकत घ्या, त्याच्याशी भांडून घ्या, नाहीतर तो झोपल्यावर गुपचूप सोडून न्या. तिन्ही वाटांनी नाव जाते. पोरगी पलीकडे उतरते, वैदू भेटतो, गोष्ट पुढे धावते. नाव पलीकडच्या काठालाच पडून राहते. इंदूरच्या पोरानं तिन्ही प्रकार करून दाखवले. शेवटच्या वेळी नाव दूर जाताना मागं तो म्हातारा काठावर मटकन बसलेला क्षणभर दिसला.

"मंग पुढं?" बेबीबाई म्हणाली.

"पुढं वैदू भेटते ना."

"वैदूचं नाई. या बुढ्याचं पुढं काय झालं? त्याचा डोंगा तं तिकडं गेला."

धनराज हसला. "त्याचा रोल तेवढाच हाय, माय. पुढं तो येत नाई."

येत नाही म्हणजे काय, हे बेबीबाईला समजेना. डोंगा गेला म्हणजे त्या माणसानं दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं? तिच्या घरच्यांत डोंग्याला असा हात लावत नाहीत. बुधराम आजही शेजाऱ्याचा डोंगा हातभर सरकवायचा असला तरी त्याच्या घरी जाऊन सांगतो. शेजारी तलावाच्या पाळीवर, बांधावर, समोर बिडी ओढत उभा असला तरीसुद्धा. डोंगा घरातल्या सगळ्यांचा, म्हणून सांगायचं ते घरी, अशी ती रीत. एकदा तर शेजारी स्वतःच म्हणाला, "अरे बुधराम, मी इथं उभा हावो ना," तरी हा त्याच्या दारापर्यंत जाऊन, त्याच्या बायकोला सांगून, चहा पिऊन परत आला. तोवर शेजाऱ्यानंच डोंगा सरकवून ठेवला होता.

"त्या पोरीनं डोंगा घेतलाच कायले?" बेबीबाई म्हणाली. "पायी जावं ना."

"पाण्यावरून?" धनराज म्हणाला.

"पाण्याच्या काठानं. तलाव म्हणजे काय समुद्र हाय? एका अंगाले पाळ रायते, दुसऱ्या अंगाले पाणी पातळ होत जाते. तिकडून गायी-म्हशी बी जातेत."

धनराजनं कपाळाला हात लावला. पण खुशीनं फोन उचलला आणि आईचं म्हणणं ग्रुपवर टाकलं.

हा ग्रुप साकोलीच्या इश्वरभाऊंनी काढलेला. हमरस्त्याला त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान आहे आणि ते स्वतः खेळाचे असे वेडे की दाराशी आलेल्या गिऱ्हाइकाला "बस, एवढा राक्षस मारतो" म्हणून थांबवतात. ग्रुपवर साकोली-लाखनीपासून भंडाऱ्यापर्यंतची पोरं. कोणत्या खेळाचा शेवट खरा, कोणता हिरो भित्रा, कोणत्या ग्राफिक्स कार्डानं चित्र अडखळत नाही, यावर त्यांची जुंपलेली असते. खुशीचा प्रश्न पडला आणि जाळ झाला. एक म्हणाला रस्ता नाहीच, बनवणाऱ्यांनी अडवून टाकलंय. दुसऱ्यानं विचारलं, तू जाऊन पाहिलंय का? पहिला म्हणाला, जाऊन कशाला पाहू, नाव आहे ना. तिसरा म्हणाला, तिकडे दलदल आहे, जळवा आहेत, आणि मिळत काहीच नाही. चौथ्यानं लिहिलं, "आंटी को बोलो झील है, गाँव की छोटी बोडी नहीं."

बेबीबाईनं खुशीच्या हातून फोन घेतला आणि बोलून पाठवलं, "झील असो का बोडी असो, पाणी हाय तं त्याले काठ हाय. काठ हाय तं त्याच्यावरून चालता येते. तुमच्यातलं कोणी चाललं काय, एवढंच सांगा."

कोणी चाललेलं नव्हतं.

याच दिवसांत घरात कॉम्प्युटर घ्यायचं ठरत होतं. खुशीला नागपूरला एमसीएला प्रवेश मिळाला होता, होस्टेलही मिळालं होतं. धनराजला फ्लेक्सची डिझाइनं घरी बसून करायची होती. मशीन एकच येणार, आणि पैसे बेबीबाईचे, तेव्हा शेवटचा शब्दही तिचा. खुशीचं म्हणणं लॅपटॉप. धनराजचं म्हणणं मोठा डब्बा, म्हणजे टेबलावर ठेवायचा कॉम्प्युटर.

"लॅपटॉपवर खेळ लावला का तो तव्यासारखा तापते," धनराज म्हणे.

"तुझा डब्बा लाइट गेली का मुकाट होते. मी नागपूरले डोक्यावर नेऊ काय तो?"

"तुह्या कॉलेजात लॅब हाय ना. तिथं शंभर कॉम्प्युटर असतीन."

"तुह्या दुकानात नाई काय?"

"तिथं मालक हाय."

"माह्या लॅबमध्ये सर हायत."

बुधराम जाळ्याची फाटलेली घरं विणत बसलेला असायचा. पावसाळ्यात मासळी अंड्यावर असते, तेव्हा तलावात जाळं टाकत नाहीत, म्हणून तो दिवसभर घरीच. तो एकदाच बोलला, "मशीन घेऊन राहिले का कोंबडे झुंजवून राहिले?"

बेबीबाई दोघांचं ऐकायची आणि काही बोलायची नाही. कारण तिला स्वतःचं उत्तर माहीत होतं आणि ते सांगायची लाज वाटत होती. लॅपटॉप घेतला तर तो खुशीबरोबर नागपूरला जाणार, आणि त्याच्याबरोबर तो खेळ, ती तलवारवाली पोरगी आणि तो नावाडी सगळेच जाणार. डब्बा घेतला तर तो घरात राहणार. दुपारी धनराजला म्हणता येणार, बाबा, जरा लाव ते. खुशीचं लॅबमध्ये भागेल, असं ती मनाला सांगून पाही. अर्धंमुर्धं पटेही.

एका दुपारी भांडता भांडता खुशी म्हणाली, "ठीक हाय. मायचा काठाचा रस्ता निघाला तं लॅपटॉप. नाई निघाला तं तुझा डब्बा."

धनराजनं एका क्षणात हो म्हटलं. त्याला रस्ता नाही याची खात्री होती.

बेबीबाई चपापली. आता तिला जे बघायचं होतं ते सापडलं, तर खेळ घरातून जाणार होता, आणि नाही सापडलं, तर खेळ घरात राहणार होता. पण तो नावाडी पुढे काय करतो हे न कळता. ती पोरांना म्हणाली, "हे कुठचं गणित काढलं रे तुमी?" पण नाही म्हणाली नाही.

साकोलीला इश्वरभाऊंच्या दुकानात तिघं शिरली तेव्हा दुपारची वेळ, गिऱ्हाईक कोणी नव्हतं. बेबीबाईनं काचेच्या दारापाशी चपला काढल्या. इश्वरभाऊ म्हणाले, "राहू द्या मावशी, चालते." तरी तिनं काढल्याच. मग ती दुकानभर फिरली. एका डब्ब्याची बाजू काचेची होती आणि आत निळे-लाल दिवे पळत होते.

"हे लाइट कायले?"

"चांगलं दिसासाठी, मावशी."

"लाइट नसली तं काम कमी करते काय?"

"नाही. काम तेवढंच करते."

"मंग नवरदेवाच्या घोड्यावानी काहून सजवलं त्याले?"

इश्वरभाऊ हसले आणि म्हणाले, "पोरं त्याच्यासाठीच घेतेत, काय करता." मग तिनं विचारलं की कोणतं जास्त तापतं, बिघडलं तर इथंच दुरुस्त होतं की नागपूरला पाठवावं लागतं, आणि घरात उंदीर असतील तर वायरींचं काय. बर्फाची पेटी घेतानाही ती असंच विचारते. उंदराचा प्रश्न इश्वरभाऊंना आजवर कोणी विचारला नव्हता.

"मावशी, ग्रुपवर बोलल्या त्या तुमीच ना?" ते म्हणाले. "चला मंग, पाहूनच टाकू. मी बी तिकडं कधी गेलो नाही."

त्यांनी खुशीच्या पसंतीचा लॅपटॉप काउंटरवर ठेवून खेळ लावला. पोरगी नावाड्यासमोर उभी राहिली, इथपर्यंतचा त्यांचा खेळ साठवून ठेवलेला होता. खेळवायचं कोणी, यावर भांडण झालं. खुशीनं नको, तिचा लॅपटॉप अडकलाय. धनराजनं नको, तो मुद्दाम दगडाला धडकवील. शेवटी इश्वरभाऊंनीच बटणं धरली आणि बेबीबाई त्यांच्या खांद्यामागे उभी राहिली.

नावाडी म्हणाला, आज नाही, उद्या ये. पडद्यावर तीन वाटा आल्या. इश्वरभाऊंनी त्यांतली एकही न निवडता पोरीला वळवलं.

"कोणीकडं, मावशी?"

बेबीबाईनं पाण्याकडे निरखून पाहिलं. उजवीकडे जमीन उतरती वाटत होती. "उजव्या अंगानं. पाळ डावीकडं असन. इकडं पाणी पातळ होईन."

पोरगी चालू लागली. काठानं झाडं, मग खडक, मग परत झाडं. लांब फिरून आल्यावर समोर सरळ उभा कडा आला, पाण्यात उतरलेला. इश्वरभाऊंनी पोरीला उडी मारायला लावली, कड्याला हात लावून सरकवलं, खाली पाण्यात टाकलं. पाणी खोल होतं. ती बुडाली आणि परत काठावर उभी राहिली. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"झालं," धनराज म्हणाला.

खुशीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

बेबीबाई म्हणाली, "मी चुकली. हा तलाव नाई, दगडाची खदान हाय." आवाजात राग नव्हता. गिऱ्हाइकानं दाखवलेला मासा खरंच शिळा निघाला की ती अशीच बोलते. डब्बा घरी राहणार, हा विचार तिच्या मनात आला, आणि त्याचा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही.

इश्वरभाऊंनी खुर्ची मागं सरकवली. "मंग डब्ब्याचं पाहू?"

धनराज पडद्याकडे वाकून बघत होता. त्याचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं, आणि बेबीबाईला ते तोंड ओळखीचं वाटलं. आरशात नाही, पण बाजारात कोणी गोष्ट अर्धवट टाकून उठला की तिचंही असंच होत असणार.

"भाऊ, थांबा," धनराज म्हणाला. "आपण डाव्या अंगाले गेलोच नाई."

"तिकडं दलदल हाय."

"दलदल हाय म्हणजे पाणी कमी हाय ना. उठा बरं तुमी."

"धन्या," इश्वरभाऊ म्हणाले, "रस्ता निघाला तं तू हारशीन ना रे."

"चूप बसा ना, भाऊ. उठा."

त्यानं माउस हातात घेतला. पोरीला माघारी आणलं, नावाड्याच्या मागून डावीकडे वळवलं. लव्हाळ्यात शिरल्याबरोबर तिची चाल मंदावली. जळवा लागायला लागल्या आणि वरच्या कोपऱ्यातली तिच्या जिवाची लाल पट्टी कमी कमी होऊ लागली. धनराजनं तिला औषध पाजलं, पुढे नेलं, परत पाजलं. औषध संपत आलं तेव्हा खुशीच म्हणाली, "पोळी खाऊ घाल तिले, पिशवीत पोळी हाय." त्यानं पोळी खाऊ घातली. दुकानात एक माणूस चार्जर मागायला आला. इश्वरभाऊंनी त्याच्याकडे न बघता "बसा दोन मिनिटं" म्हटलं, आणि तोही येऊन मागं उभा राहिला.

लव्हाळं विरळ झालं. पायाखाली वाळू आली. मग गवत, मग एक कुंपण, आणि कुंपणापलीकडे वैदूची झोपडी.

चार्जरवाला म्हणाला, "काय झालं?"

"पलीकडं आली," बेबीबाई म्हणाली.

खुशीनं भावाच्या पाठीत बुक्की मारली. धनराजनं ती मुकाट्यानं घेतली. मग त्यानं झोपडीचं दार वाजवलं. दार उघडेना. वैदू खिडकीत दिसत होता, पण पोरीकडे बघतही नव्हता.

"नाव आली नाही ना," इश्वरभाऊ म्हणाले. "नाव काठाला लागल्याशिवाय याची गोष्ट सुरू होत नाही. तसं बांधलं हाय."

"मंग रस्ता निघाला का नाई निघाला?" धनराजला एकदम धीर आला. "पलीकडं जाऊन गोष्टच पुढं सरकत नाई तं तो रस्ता कायचा?"

"रस्त्याची बोली होती, वैदूची नोती," खुशी म्हणाली.

"गोष्ट बंद पडली म्हणजे..."

"तूच चालत गेला ना पलीकडं? का उडत गेला?"

इश्वरभाऊही त्यात पडले. त्यांच्या मते रस्ता म्हणजे जो गोष्टीला धरून असतो तो. चार्जरवाल्यानं विचारपूस करून घेतली आणि खुशीच्या बाजूनं मत दिलं. तिघाचौघांची बाचाबाची चालू असताना बेबीबाईनं धनराजच्या खांद्याला बोट लावलं.

"तिले मागं फिरव."

"काहून?"

"फिरव तं खरी."

धनराजनं पोरीला पाण्याकडे तोंड करून उभं केलं. समोर पाणी, त्याच्यावर धुकं, आणि धुक्यापलीकडे काठाची करडी रेघ. त्या रेघेवर काहीच नव्हतं.

"तो कुठं हाय?" बेबीबाईनं विचारलं.

कोणाच्या डोक्यात ते आलंच नव्हतं.

"हाय तिथंच मावशी," इश्वरभाऊ म्हणाले. "पण ह्या मशीनची ताकद तेवढी नाही. दूरच्या गोष्टी काढायच्या म्हणजे तिले भार होते. म्हणून जवळचं दाखवते, लांबचं सोडून देते."

"आणि त्या घोड्यावाल्यात?"

इश्वरभाऊंनी लाल-निळ्या डब्ब्याकडे पाहिलं. मग त्यांनी पेन ड्राइव्ह लावला, लॅपटॉपवरचा खेळ तसाच उचलून डब्ब्यात नेला, मोठा पडदा सुरू केला आणि लांबचं दाखवायचं माप शेवटपर्यंत ओढलं. तीच पोरगी, तेच कुंपण, तेच पाणी. धुकं पातळ झालं होतं. पलीकडच्या काठावर तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी उभं होतं, आणि त्याच्या पायाशी दुसरा, आडवा दाणा.

बेबीबाई पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिचा श्वास काचेवर उमटला.

"काय करून राहिला?"

"काही नाही. उभा हाय."

"बसला नाई ना?"

"नाही. नाव हाय ना त्याच्याजवळ."

"हाव," ती म्हणाली. "डोंगा हाय."

ती तशीच बघत उभी राहिली. चार्जरवाल्याला चार्जर मिळाला, तो गेला. धनराजनं खुशीला डोळ्यानं खुणावलं, पाहा, आता डब्बा. खुशीलाही ते कळलं होतं. तिनं ओढणी सोडून दिली होती आणि ती लॅपटॉपच्या झाकणावरची धूळ बोटानं पुसत होती, परत करायची वस्तू आपण पुसून ठेवतो तशी.

बेबीबाईनं ते पाहिलं. बाजारात ती एका नजरेनं माशाच्या डोळ्यावरून दिवस सांगते. पोरीच्या मनातलं कळायला तिला ते बोट पुरेसं होतं.

"इश्वरभाऊ, त्या लहान मशीनीत तो हाय म्हणता?"

"हाय. दिसत नाही एवढंच. तिकडं चालत गेलं का दिसते."

"लाइट गेली तं?"

"हे थोडा वेळ चालते. डब्बा बंद होते."

"मंग लहानीच बांधून द्या."

धनराज म्हणाला, "माय, पाय ना पण ह्याच्यात..."

"तूच गेला ना रे दलदलीतून?" बेबीबाई म्हणाली. "मी तं खदान म्हणून परत निघाली होती."

धनराज तोंड पाडून बसमध्ये चढला. सानगडी यायच्या आधी मात्र तो खुशीला सांगत होता की खेळताना खाली वही नको ठेवू, हवा लागली पाहिजे, आणि धुकं कमी करायचं बटण कुठं आहे. ग्रुपवर तोवर दोन तट पडले होते. रस्ता आहे म्हणणारे आणि त्याला रस्ता म्हणू नका म्हणणारे. इश्वरभाऊंनी जळवांचं चित्र टाकलं होतं आणि खाली लिहिलं होतं, मावशींच्या म्हणण्यावरून.

खुशी नागपूरला गेली. बेबीबाईनं लॅपटॉपच्या पिशवीत सुकलेल्या झिंग्यांची पुडी घातली, ती खुशीनं काढली, मग हिनं ती कपड्यांत घातली. दुपारी हात पुसून ती सवयीनं आतल्या खोलीत यायची आणि तिथं काही नसायचं. धनराज फोन समोर धरायचा. इंदूरचा पोरगा आता दुसऱ्याच खेळात होता, त्यात सगळे रोबोट. बेबीबाई थोडं बघून उठायची. एकदा ती बुधरामला म्हणाली, "डब्बाच घ्याले पायजे होता काय?" बुधरामनं जाळ्यातून मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि परत खाली घातली. तिला ते उत्तर म्हणून पुरलं.

रविवारी दुपारी खुशीचा व्हिडिओ कॉल आला. होस्टेलचं बोलून झालं, भाजीत मीठ नसल्याचं झालं, खोलीतली बपेरा गावची मुलगी झोपेत बोलते हेही झालं. काय बोलते ते बेबीबाईनं तीनदा विचारलं. मग खुशीनं फोन वळवून लॅपटॉपसमोर धरला.

"पाय, माय. मी त्या पोरीले तिथंच ठेवली. पलीकडच्या काठावर. गोष्ट पुढं नेलीच नाई."

लहान पडद्यात अजून लहान पडदा. पाणी, धुकं, करडी रेघ.

"दिसत नाई," बेबीबाई म्हणाली.

"इथून नाई दिसत. सांगितलं होतं ना भाऊंनी."

"मंग ये ना अलीकडं. काठाकाठानं."

"जळवा लागतीन."

"पोळी देजो तिले."

खुशी हसली आणि पोरीला वळवलं. मागून धनराज येऊन आईच्या खांद्यावरून वाकला. "लव्हाळ्याच्या डाव्या बाजूनं घे, तिकडं कमी लागतेत," तो म्हणाला. पोरगी लव्हाळ्यातून हळूहळू चालत होती. फोन मधेच अडकायचा, परत सुरू व्हायचा. बुधरामनंही जाळं बाजूला सारलं, पण जागेवरून उठला नाही.

"आता?" खुशीनं विचारलं.

"नाई."

"आता?"

धुक्यात एक ठिपका उमटला. मग त्याला डोकं आलं, हात आले, पायाशी डोंगा आला. तो पाण्याकडे तोंड करून उभा होता.

"हाय," बेबीबाई म्हणाली. "काय पायते तो? विचार बरं त्याले."

"त्याले दोनच वाक्यं येतेत, माय."

"विचारून तं पाय."

खुशीनं पोरीला त्याच्यासमोर उभं केलं आणि बटण दाबलं. नावाड्यानं मान वळवली. खाली इंग्रजीत अक्षरं आली आणि खुशीनं ती मराठीत वाचून दाखवली.

"म्हणते, आज नाई, उद्या ये."

बेबीबाईनं फोन डोळ्याजवळ नेऊन त्या म्हाताऱ्याकडे नीट पाहून घेतलं.

"मंग उद्या याच वेळेले लावजो," ती म्हणाली.